काउंटरवरून टेबलाकडे

काउंटरवर मी उत्तम होते. हे आधीच सांगून टाकते, कारण चाळिशी उलटल्यावर मला एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि स्वतःला आवरणं ताब्यात न राहण्याचा लहानपणापासूनचा विकार, असल्याचं निदान झालं, आणि त्याविषयी पुढे जे लिहिणार आहे ते सगळं याच गोष्टीवर उभं आहे.

२०१० साली मी एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून लागले. सातारा जिल्ह्यातलं बाजाराचं गाव, जुनी दगडी इमारत, आत चार काउंटर. बाजाराच्या दिवशी शटर वर जायच्या आधीच बाहेर माणसं उभी असायची. माणूस समोर येतो, स्लिप काचेखालून आत सरकते, अंकी आणि अक्षरी रक्कम जुळते का बघायचं, सही पडताळायची, नोटा मशीनमधून काढून पुन्हा हाताने मोजायच्या, द्यायच्या, की पुढचा. काम आपणहून समोर येऊन उभं राहतं, दोन-चार मिनिटांत संपतं आणि संपलेलं दिसतं. संध्याकाळी कॅश टॅली झाली की दिवस मिटला. माझी कॅश सहसा पहिल्याच मोजणीत जुळायची.

मग २०१६चा नोव्हेंबर आला. ८ तारखेच्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि १० तारखेला आम्ही शाखा उघडली तेव्हा रांग पार एसटी स्टँडपर्यंत गेली होती. आधी चार हजारांपर्यंत बदलून द्यायचे, मग साडेचार, मग दोनच हजार. मध्येच बोटाला शाई लावायचा हुकूम. रोज नवं परिपत्रक. माझे सहकारी थकून गेले, एक मॅडम तर स्ट्राँगरूमच्या दारात बसून रडल्या. माझं डोकं मात्र त्या दिवसांत जितकं शांत होतं तितकं एरवी कधीच नसतं. सगळं आत्ता, इथे, समोर. कोणत्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते मला तोंडपाठ. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही ऑफिसर व्हायला पाहिजे. परीक्षा द्या." २०१८मध्ये दिली आणि पास झाले. घरी पेढे आले.

प्रमोशननंतर दुसऱ्या शाखेत कर्जाच्या टेबलावर बसवलं. तिथे समोर माणूस नसतो, फाइल असते. कॅश क्रेडिटच्या, म्हणजे व्यापाऱ्याला ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे काढता-भरता येतात अशा कर्जखात्यांचं दरवर्षी रिन्यूअल करायचं असतं: बॅलन्स शीट मागवायची, स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे दुकानातल्या मालावर किती पैसे उचलता येतील ते काढायचं, प्रपोजल लिहायचं. ठरलेल्या तारखेनंतर १८० दिवसांत रिन्यूअल झालं नाही, तर खातेदार व्याज वेळेवर भरत असला तरी खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं कर्ज, धरलं जातं. म्हणजे हातात १८० दिवस. एवढा मोकळा वेळ हीच माझ्यासाठी सगळ्यात घातक गोष्ट होती. फाइल मला समजत होती. प्रपोजल कसं लिहायचं हे नव्या मुलांना मीच शिकवत होते. आणि तरी सकाळी फाइल उघडून समोर ठेवायची आणि संध्याकाळी ती तशीच मिटायची, असं आठवडेच्या आठवडे चालायचं. मधल्या वेळात मी काउंटरवर कुणाची अडलेली एन्ट्री सोडवलेली असायची, प्रिंटर दुरुस्त केलेला असायचा, एका आजींची पेन्शन मार्गी लावलेली असायची. आळसात एक मिनिट गेलेलं नसायचं. फक्त ती फाइल व्हायची नाही. मग ऑडिट तोंडावर आलं की रात्री साडेनऊपर्यंत बसून एका दमात सात-आठ प्रपोजलं, तीही चांगली.

वरचे साहेब म्हणायचे, "मनावर घेतलं की करता, मॅडम. मग मनावर का घेत नाही?" हा प्रश्न मी स्वतःला त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा विचारलेला होता.

झोप उडाली. छातीत धडधड व्हायला लागली. आधी फॅमिली डॉक्टर, मग एक मनोविकारतज्ज्ञ, मग अँक्झायटीच्या गोळ्या. त्यांनी धडधड कमी झाली, हे खरं आहे आणि त्याबद्दल मला तक्रार नाही. चिंता होतीच. पण ती कशातून येते हे कुणी विचारलं नाही, आणि मलाही सांगता आलं नसतं. पुन्हा क्लार्क म्हणून घ्या, असा अर्ज मी लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. २०२३मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, पुण्यातल्या दुसऱ्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत पाऊण तास ऐकून घेतलं आणि विचारलं, "काउंटरवर असताना हे होत नव्हतं ना?" त्या प्रश्नापासून गाडी एडीएचडीकडे वळली.

हे नाव ऐकून मला धक्का बसला नाही, रागच आला. माझ्या डोळ्यांसमोर एडीएचडी म्हणजे वर्गात बाकांवरून उड्या मारणारा मुलगा. मी तर खिडकीशी बसणारी, न बोलणारी, दहावीला ८६ टक्के मिळवलेली मुलगी होते.

तो उड्या मारणारा मुलगा आपल्या डोक्यात आला कुठून, हे नंतर वाचलं. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत आहे पण स्वतःला आवर घालता येत नाही, अशा मुलांविषयी तो बोलला. त्यात मुलगे मुलींच्या साधारण तिप्पट होते. त्याने या दोषाला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. त्याच्या मनात शिक्षेची भाषा नव्हती, पण तो 'नैतिक' शब्द या आजाराला चिकटला तो आजतागायत. "मनावर का घेत नाही?" हा त्याचाच बँकेतला अवतार. पुढे अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९६८च्या वर्गीकरणात भर होता तो मुलांच्या अतिचंचलपणावर. १९८०च्या आवृत्तीत पहिल्यांदा लक्ष हा शब्द नावात आला, आणि चंचलपणा नसतानाही हा आजार असू शकतो असं लिहिलं गेलं. माझा जन्म १९८२चा. म्हणजे माझ्यासारखी गप्प मुलगी माझ्या जन्माआधीच कागदावर नोंदलेली होती. तो कागद आमच्या तालुक्यापर्यंत पोचला नाही इतकंच. लहानपणी निदान होणाऱ्यांत मुलगे कितीतरी जास्त असतात, आणि मोठेपणी हा फरक बराच कमी होतो. ज्या मुली मधल्या काळात दिसत नाहीत त्या कुठेतरी असतातच: कुठल्या तरी टेबलाशी, कुठल्या तरी ओट्याशी, स्वतःला दोष देत.

माझ्या डॉक्टरांनी मला समजावलं ते असं: लक्ष कमी नसतं, लक्षाचं सुकाणू आपल्या हातात पूर्णपणे नसतं. गोष्ट नवी असेल, आवडीची असेल, तातडीची असेल किंवा समोर जिवंत माणूस उभा असेल, तर लक्ष आपोआप लागतं, कधी कधी इतकं की भूक कळत नाही. पण 'महत्त्वाचं आहे, सहा महिन्यांत करायचंय' एवढ्यावर ते लागत नाही. मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं, आणि ठरवणं ते करणं यामधला दुवा तिथेच असतो. हे ऐकताना मला नोटाबंदीतला शांतपणा आणि रिन्यूअलची फाइल या दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच एका जागी ठेवता आल्या. तोवर मला वाटायचं, मी दोन वेगवेगळ्या बायका आहे आणि त्यातली एक खोटी आहे.

निदानाला रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, झोप हे सगळं बघून बाजूला केलं. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी अठरा प्रश्नांची यादी आहे, ती भरली. मग डॉक्टर म्हणाल्या, "बारा वर्षांच्या आतली लक्षणं हवीत. २०१३पर्यंत ही अट सात वर्षांची होती, आता बारा आहे. तुमची प्रगतिपुस्तकं आहेत का? आणि आई असतील तर त्यांना घेऊन या."

आई कराडहून आली. येताना पत्र्याच्या पेटीतून माझी प्रगतिपुस्तकं काढून, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून घेऊन आली. पहिली ते सातवी, सगळी. शेरे वाचताना डॉक्टर मध्येच थांबत होत्या. 'हुशार आहे. वहीत उत्तरे अपूर्ण.' 'वर्गात लक्ष नसते, तरीही गुण उत्तम.' 'निष्काळजीपणा टाळावा.' 'क्षमता आहे, प्रयत्न हवेत.' वर्ष बदललं, बाई बदलल्या, शेरा तोच.

मग त्यांनी आईला विचारलं, "काकू, लहानपणी हिच्या वस्तू हरवायच्या का?"

"छे हो डॉक्टर. हिचं कधी काही हरवलं नाही."

"कधीच नाही?"

"कशी हरवेल? दप्तर मीच भरायचे ना रोज रात्री. कंपास मोजून घ्यायचे. शाळेतून आली की आधी डबा, पाण्याची बाटली, स्वेटर बघायचे. एखादं राहिलं असेल तर शाळा बंद व्हायच्या आत धाकटीला पळवायचे."

"आणि अभ्यास?"

"अभ्यासाला फार गुणाची. सांगावं लागायचं नाही." आई जरा थांबली. "म्हणजे मी शेजारी बसायचे. शेंगा फोडायच्या, लसूण सोलायचा, काहीतरी घेऊन बसायचं. मी उठले की ही खिडकीकडे बघत बसायची, म्हणून उठायचे नाही."

"रोज?"

"दहावीपर्यंत."

"आंघोळ, जेवण, शाळेची तयारी?"

"ते सगळ्याच मुलांना सांगावं लागतं की. बादली काढली की हाक, मग परत हाक, मग हाताला धरून मोरीत. धाकटीला एकदा सांगितलं की व्हायचं. ही जरा विचारी आहे ना." मग आपणहूनच म्हणाली, "गॅसजवळ मात्र मी हिला कधी उभं केलं नाही. दूध ठेवायची आणि पुस्तक उघडायची. लग्न ठरल्यावर सगळ्यात जास्त काळजी मला त्याचीच होती."

डॉक्टर लिहीत होत्या. आई माझं कौतुक करत होती, मुलीला काही त्रास नव्हता हे पटवून देत होती, आणि एकेका वाक्यागणिक पुरावा समोर मांडत होती. मी चाळिशी उलटलेली बाई त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा ऐकत होते की माझं बालपण कुणी आणि किती कष्टाने उभं धरलं होतं. मला वाटत होतं मी हुशार होते. मी हुशार होतेच. पण हुशारीला जे लागतं, म्हणजे वेळेवर सुरू करणं, धरून बसणं, आठवणीने परत आणणं, ते सगळं दुसऱ्या माणसाच्या अंगातून येत होतं.

म्हणून तर अकरावीनंतर एकेक गोष्ट ढासळायला लागली आणि कुणालाच कारण कळलं नाही. कॉलेजच्या परीक्षा जमल्या, कारण परीक्षेला तारीख असते. एमएस्सीला कोल्हापूरला होस्टेलवर गेले, तिथे वर्षभराचा प्रोजेक्ट होता आणि शेजारी लसूण सोलणारं कुणी नव्हतं. प्रोजेक्ट अर्धा राहिला, पदवी राहिली. घरी सगळे म्हणाले, पोरीला बाहेरची हवा मानवली नाही. मग काही वर्षं ट्यूशन, मग बँक. बँकेच्या काउंटरने मला पुन्हा आईसारखं सांभाळलं. रांग, घड्याळ, टॅली. प्रमोशनने तो आधार काढून घेतला.

हेच मला यातून सगळ्यात आवर्जून सांगायचंय. निदान उशिरा होतं ते लक्षणं सौम्य असतात म्हणून नव्हे. आजूबाजूचं कुणीतरी ती आपल्या अंगावर घेत असतं म्हणून ती दिसत नाहीत. आई, बहीण, बायको, नवरा, शाळेची घंटा, कडक मास्तर, एकत्र कुटुंब. आणि हुशार मुलीच्या बाबतीत तिची हुशारीच मदतीच्या आड येते. रात्रभर जागून ती निस्तरते, मार्क मिळतात, आणि मार्क मिळाले की आपल्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

त्या दिवशी रिक्षात आईने विचारलं, "माझं काही चुकलं का गं? मी तुला फार हातात घेतलं का?" मी म्हटलं, "आई, तू जे केलंस त्याला डॉक्टर उपचार म्हणतात." यावर तिचं समाधान झालं नाही. स्वारगेटला एसटीत बसेपर्यंत ती गप्प होती, मग खिडकीतून म्हणाली, "तुझ्या दादांचंही असंच होतं."

दादा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. गाडीवर चोख. तिकिटं, सुटे पैसे, वेबिल, ड्यूटी संपल्यावर डेपोत हिशेब, कधी तक्रार नाही. पण घरातलं एकही सरकारी काम त्यांच्या हातून पुरं झालं नाही, आणि कंट्रोलरचं प्रमोशन त्यांनी नाकारलं होतं. "आपल्याला टेबल नको," म्हणाले होते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास धरतात. पण गेलेल्या माणसाचं निदान करू नये, आणि मी ते करत नाही. एवढंच की तो नकार मी आयुष्यभर भित्रेपणा समजत आले, आणि आता तसा समजत नाही.

औषधांविषयी लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोकळेपणाने लिहिते. पहिल्यांदा अ‍ॅटोमॉक्सेटीन दिलं. हे उत्तेजक औषधांमधलं नाही, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. माझ्या बाबतीत परिणाम दिसायच्या आधी मळमळ इतकी झाली की ते थांबवावं लागलं. मग मिथाइलफेनिडेट. हे रसायन १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये लिआंद्रो पॅनिझन या रसायनशास्त्रज्ञाने तयार केलं. त्याच्या बायकोचं लाडाचं नाव रिटा, त्यावरून त्याचं रिटॅलिन हे नाव पडलं. आपल्याकडे ते १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मागून मिळत नाही. तज्ज्ञांची चिठ्ठी लागते, मोजकीच दुकानं ठेवतात, तिथेही अधूनमधून साठा संपलेला असतो. ज्या आजारात चिठ्ठीची तारीख लक्षात ठेवणं हीच अडचण आहे, त्याचं औषध मिळवायला इतक्या तारखा सांभाळाव्या लागतात. गैरवापर होऊ नये म्हणून कायदा हवा हे मला मान्य आहे. पण रुग्णाने दुकानंदुकान हिंडावं, हे मान्य नाही.

पहिल्या दिवशी काय झालं ते नीट सांगते. सकाळी नाश्त्याबरोबर गोळी घेतली, शाखेत गेले. फार काही वेगळं वाटलं नाही. हुशारी आली नाही, उत्साह आला नाही. साडेअकराच्या सुमाराला एका हार्डवेअरच्या दुकानाची फाइल उघडली. त्यात मागच्या वर्षीचं मंजुरीपत्र होतं, ते वाचलं. मग बॅलन्स शीट काढली. मग विक्रीचे आकडे प्रपोजलमध्ये टाकले. मग त्या दुकानाच्या मालकांना फोन केला की जुलैचं स्टॉक स्टेटमेंट आलेलं नाही, पाठवा. फोन ठेवला आणि परत फाइलकडे आले. या परत येण्यापाशी माझ्या लक्षात आलं. एरवी फोन ठेवला की मी दुसरीकडे कुठेतरी निघालेली असते. त्या दिवशी मी जिथे सोडलं तिथेच परत आले, आणि त्यासाठी स्वतःला ओरडावं लागलं नाही. डोक्यात सतत चालू असलेली अनेक स्टेशनं एकाच वेळी लागलेल्या रेडिओसारखी खरखर बंद होती. अडीचला प्रपोजल संपलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंद होता, पण त्याच्या खाली दुसरंही होतं: इतर माणसं रोज असंच काम करतात? एवढ्या कमी त्रासात? मग मी आजवर कशाकशाशी झुंजत होते?

या दुःखाविषयी फारसं बोललं जात नाही. "उशिरा का होईना, कळलं ना," असं लोक म्हणतात, आणि चांगल्या मनाने म्हणतात. मला ते पुरत नाही. अर्धी राहिलेली पदवी परत येत नाही. विशीत आणि तिशीत स्वतःविषयी जे जे बोलले, आरशासमोर, डायरीत, रात्री उशीत तोंड खुपसून, ते मागे घेता येत नाही. बऱ्याच मैत्रिणी दुरावल्या, कारण उत्तर द्यायचं राहून जायचं, मग उशीर झाल्याची लाज वाटायची आणि त्या लाजेपोटी मी आणखी गप्प बसायचे. त्यांतल्या दोघींना मी गेल्या वर्षी फोन केला. एकीशी पुन्हा सूत जुळलं. दुसरी तुटकपणे बोलली, आणि तो तिचा हक्क आहे.

आणि हल्ली दुसऱ्या बाजूने जे बोललं जातं, की एडीएचडी ही देणगी आहे, महाशक्ती आहे, तेही मला पटत नाही. नोटाबंदीतली माझी शांतता मला प्रिय आहे. पण रोज नोटाबंदी असावी अशी इच्छा कोण करेल?

गोळीने काय होत नाही, तेही सांगायला हवं. माझी आताची गोळी दिवसभराची आहे, संध्याकाळी तिचा असर उतरतो. उतरताना तासभर चिडचिड होते. तेव्हा मी स्वयंपाकघरात कुणाशी बोलत नाही आणि घरच्यांनी ते समजून घेतलंय. दुपारची भूक मेली आहे, म्हणून सकाळी भाकरी-भाजी पोटभर खाते. नाडी आणि रक्तदाब दर भेटीत तपासतात. आणि सवयी गोळीत नसतात. काम टाळण्याच्या, धास्तीच्या, ऐनवेळी धावण्याच्या सवयी मी तीस वर्षं कमावल्यात, त्या एकेक सोडवायला समुपदेशकांकडे जाते. तिथे शिकले त्यातलं सगळ्यात उपयोगी म्हणजे कुणाच्या तरी सोबतीने काम करणं. आमच्या शाखेतली एक नवी ऑफिसर मुलगी आणि मी आता साडेचारनंतर समोरासमोर बसून आपापल्या फाइली करतो. बोलत नाही. आईने हे कुठलंही पुस्तक न वाचता शोधून काढलं होतं.

घरात हिशेब वेगळा निघाला. लग्न झाल्यापासून लाइटबिल, विमा, गॅस, मुलाच्या शाळेची फी हे सगळं नवऱ्याकडे कधी सरकलं ते दोघांनाही आठवत नाही. निदानानंतर तो काही दिवस फार मायेने वागला आणि मग एका रात्री म्हणाला, "अगं, तुला नाव मिळालं. पण मी पण दमलोय, त्याला काय नाव?" मला ते लागलं, आणि ते खरंही होतं. आता विमा आणि फी माझ्याकडे आहे. फोनवर गजर, भिंतीवर तारखा, आणि त्याने आठवण करून द्यायची नाही असा करार. आठवण न करून देणं त्याला फार जड जातं.

बँकेत मी एका वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, असं तर सगळ्यांनाच होतं." होतं, खरंच होतं. विसरणं सगळ्यांना होतं. प्रश्न किती, किती काळ आणि त्याची किंमत काय, याचा असतो. २०१६च्या दिव्यांगांच्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात एडीएचडीचं वेगळं नाव नाही. त्यामुळे कागदावर मागता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं. तोंडी एकच गोष्ट मागितली: रिन्यूअलची यादी मला सहा महिन्यांची एकदम देऊ नका, दर सोमवारी त्या आठवड्याची द्या, आणि शुक्रवारी विचारा. त्यांनी ते मान्य केलं. एवढ्याने माझं टेबल बरंचसं काउंटरसारखं झालं. बँकेला याचा एक रुपयाही खर्च आला नाही. तो ड्रॉवरमधला अर्ज मी दिला नाही.

चाळिशीत आणखी एक गुंता असतो, तो कुणीतरी मला आधी सांगायला हवा होता. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन खाली-वर होतं, आणि त्याचा डोपामिनशी संबंध आहे. काही महिन्यांत तीच गोळी अपुरी वाटते, मध्येच पुन्हा पुरते. डॉक्टरांनी मला तारखा लिहून ठेवायला सांगितल्यात. आमच्या वयाच्या बायका "हल्ली काही लक्षातच राहत नाही" म्हणतात, तेव्हा त्यातल्या बहुतेकींना एडीएचडी नसतोच. पण जिला लहानपणापासून हे आहे, तिचं याच काळात अनेकदा पार कोसळतं, आणि तेव्हाही तिला सांगितलं जातं की वयच तसं आहे.

गेल्या दिवाळीत धाकटी बहीण मुलीला घेऊन आली होती. भाची सहावीत आहे, वर्गात दुसरी-तिसरी येते, गप्प असते. मी दोन दिवस तिच्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी बहिणीशी बोलले, तर ती चिडली. "ताई, तुला आता सगळ्यांत तेच दिसायला लागलंय. एवढे मार्क पडतात, तिला कुठे न्यायचं?" तिच्या रागात तथ्य आहे. ज्याला स्वतःचं उत्तर उशिरा सापडतं त्याला ते सगळीकडे दिसायला लागतं, आणि मी त्याबद्दल सावध असते. मी एवढंच विचारलं की तिचं दप्तर कोण भरतं. आईही तिथेच करंज्यांचं सारण ढवळत बसली होती. ती बहिणीला म्हणाली, "जा घेऊन एकदा. नसेल तर नाही म्हणतील."

बहीण आणि भाची गेल्या आठवड्यात जाऊन आल्या. डॉक्टरांनी लगेच काही म्हटलं नाही, एक फॉर्म घरी भरायला दिला आणि एक वर्गशिक्षिकेला. शाळेतला अजून आलेला नाही, पालकसभा झाली की मिळेल. बहिणीचा घरचा फॉर्म तिने मला फोटो काढून पाठवला. 'वस्तू हरवते का' याच्यापुढे 'कधीच नाही' अशी खूण होती. मी तिला फोन केला आणि म्हटलं, फॉर्म तसाच राहू दे. पण सकाळी सहापासून रात्री झोपेपर्यंत तू तिच्यासाठी काय काय करतेस, ते एका कागदावर लिहून काढ, आणि फॉर्मबरोबर तो कागदही डॉक्टरांना दे.